यष्टीवाल्या बाईंचं कडवं

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी वसुंधराबाईंकडे बोट दाखवायला नको. दर रविवारी दुपारी त्या जिना उतरून आमच्याकडे येतात, खुर्चीच्या अगदी कडेवर बसतात आणि आठवड्याच्या गाण्याबजावण्याच्या बातम्या सांगतात. मी त्या टाइप करतो. 'पनवेलचे सूर' नावाचं ते पान मग व्हॉट्सॲपवर पंचवीस-तीस ग्रुपांत जातं. कुठे बासरीचा वर्ग निघाला, कुठल्या शाळेतल्या पेटीचा भाता फाटला, कुणाची नात तबल्याच्या परीक्षेत पहिली आली. त्या रविवारी त्या म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी साडेपाचपासून गव्हाणला काशीराम यांच्या मांडवात हौसाबाई धवले म्हणणार. लिही." मी लिहिलं. आणि प्रत्येक कार्यक्रमाखाली ज्या ओळी चिकटवायची माझ्या बोटांना सवय आहे, त्याही चिकटवल्या: प्रवेश विनामूल्य. रसिकांनी वेळेआधी स्थानापन्न व्हावे. भ्रमणध्वनी बंद ठेवावेत.

तो कार्यक्रम नव्हता. काशीरामच्या मुलीचं लग्न होतं.

माझं काम इथे संपलं. पुढचं सगळं वसुंधराबाईंना निस्तरावं लागलं.

वसुंधराबाईंना पनवेलात चेहऱ्याने ओळखणारे थोडे, आवाजाने ओळखणारे हजारो. अठ्ठावीस वर्षं त्या एसटी स्टँडवर माइकसमोर बसल्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली, कुठली सुटली, कुणाचं मूल चौकशीच्या खिडकीपाशी रडत बसलंय, हे सगळं तालुक्याने त्यांच्याकडूनच ऐकलं. निवृत्त झाल्यावर बाकीच्यांनी गुडघे तपासले, नातवंडं सांभाळली. यांनी एकच धोशा लावला: प्रत्येक शाळेत गाण्याचा तास पाहिजे. शिक्षणाधिकाऱ्यांना त्यांची सेहेचाळीस पत्रं गेली आहेत. चौतीस पत्रांना पोच मिळाली, त्याचाच त्यांना कोण आनंद. एका बुधवारी बासरीच्या कार्यशाळेला मुलांऐवजी बारा पालक आले, कारण मुलं क्लासला गेली होती. बाईंनी त्या बारा पालकांनाही बासरी फुंकायला लावली आणि बातमीत 'उत्स्फूर्त प्रतिसाद' असं लिहायला सांगितलं.

एवढ्या खटपटीतून पदरात पडलं होतं ते एवढंच, की खाडीकाठच्या एका शाळेत शनिवारचा तिसरा तास गाण्याचा. तेवढा एक तास. आणि तोही आता चालला होता. पेटी शिकवणारे सर ठाण्याला गेले. मुख्याध्यापिका किशोरी मॅडम वाईट बाई नव्हत्या, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेने त्यांची झोप उडवली होती.

"वसुंधराताई, शनिवारपर्यंत शिकवायला माणूस आणा," त्या म्हणाल्या होत्या. "नाहीतर सोमवारपासून तो तास गणिताला. गणिताचे सर दारातच उभे आहेत हो, खडू घेऊन."

माणूस आणायचा कुठून? पनवेलात शिकवणारे होते, पण शनिवारी सकाळी खाडीकाठी यायला कुणी तयार नव्हतं. तेव्हा बाईंना हौसाबाई आठवल्या. आगरी लग्नात हळदीपासून बोहल्यापर्यंत जी बाई गाऊन एकेक विधी पार पाडते, ती धवलारीण, आणि तिची गाणी म्हणजे धवले. तिने देवांना बोलवायचं, मांडवात बसवायचं, मगच पुढचं लग्न. आणि हौसाबाई म्हणजे या पट्ट्यातल्या धवलारणींमधलं खणखणीत नाव. वर्गातली निम्मी मुलं त्यांच्याच धवल्यांवर लग्न लागलेल्या आईबापांची. बाईंनी फोन केला. पलीकडून उत्तर आलं, "साळंत? आमी काय मास्तर हाय? गुरुवारी काशीरामाच्या मांडवात ये, आयक, मंग बगू."

म्हणजे गुरुवारी हौसाबाई खूश, तर शनिवारचा तास वाचला. इतकं सरळ होतं.

सोमवारपासून मात्र बाईंच्या फोनवर जे सुरू झालं, ते त्यांनी 'पनवेलचे सूर'च्या अकरा वर्षांत पाहिलं नव्हतं. 'येतोय.' 'दोघे येत आहोत.' 'पार्किंग आहे का?' एरवी चार अंगठे आणि एक हात जोडलेला, एवढाच त्यांचा जनाधार. बाई हरखून गेल्या. पान त्यांनी स्वतः वाचलं होतं, 'प्रवेश विनामूल्य'ही वाचलं होतं. पण लग्नाला तिकीट कुठे असतं, असा विचार करून पुढे गेल्या होत्या.

गुरुवारी गव्हाणला रिक्षातून उतरल्या आणि समोर दोन टेम्पो ट्रॅव्हलर उभ्या दिसल्या. आतून पनवेलचे रसिक उतरत होते. एकेक करून एक्केचाळीस. कुणाच्या बगलेत बसायची उशी, कुणाच्या हातात थर्मास, एकदोघींनी शाल घेतलेली, कारण एसीचा अंदाज नव्हता. त्यात कस्टममधून निवृत्त झालेले एक काका वही-पेनासकट होते. त्यांनी मांडवाच्या कमानीवर 'शुभविवाह' वाचलं आणि कौतुकाने म्हणाले, "वा! वातावरणनिर्मिती किती केलीय."

"काका, अहो..." बाई म्हणाल्या.

"बोलू नका आता. स्थानापन्न व्हायचंय."

आणि ते झालेही. हौसाबाई आणि त्यांची जोडीदारीण वेणू रांगोळीच्या चौकासमोर बसल्या होत्या, त्यांच्यापुढे एक्केचाळीस माणसांनी मांडी घातली, सतरंजीवर रांगा धरल्या, फोन बंद केले. काशीरामने लांबून पाहिलं. पांढऱ्या सफारीतला, गळ्यात चेन, खाडीवरची शेती गेली आणि दोन जेसीबी आले असा गृहस्थ. त्याला वाटलं, नवऱ्याकडची माणसं असतील. नवऱ्याच्या बापाला वाटलं, नवरीकडची. दोघांनीही स्वतंत्रपणे सरबत पाठवलं. रसिकांना दोनदा सरबत मिळालं आणि आयोजनाबद्दल त्यांचं मत फारच चांगलं झालं.

आता हौसाबाईंची बाजूही समजून घ्यायला हवी. धवल्यांना असं कुणी ऐकत नसतं. धवलारीण गात असते आणि भोवती लग्न चाललेलं असतं. बायका दागिने बघतात, पोरं खुर्च्या ओढतात, कुणीतरी लाउडस्पीकरवर पांढऱ्या गाडीवाल्याला गाडी काढायला सांगतो. गाणं देवांसाठी असतं, ते ऐकतात असं धरून चालायचं. आणि आज समोर ब्याऐंशी डोळे, त्यातल्या काहींवर चष्मे, आणि एकही पापणी हलत नाही. हौसाबाईंनी वेणूच्या कानात विचारलं, "ही माणसां का आमच्या तोंडाकं बगतान?"

"पोलीस तं नाय?" वेणू म्हणाली.

तरी हौसाबाईंनी सुरुवात केली. आधी गावदेवीला हाक, मग खाडीला, मग डोंगरावरच्या देवांना. आवाज जाड, खडबडीत, थेट छातीतून. वसुंधराबाई मागच्या रांगेत अपराध्यासारख्या बसल्या होत्या, पण तिसऱ्या ओळीला त्या अपराध विसरल्या. हे असंच शाळेत पाहिजे, त्यांच्या मनात आलं. पेटी नको, भाता नको, काही नको.

पहिले सातआठ देव आले, चौकात बसले, आणि हौसाबाई पाण्याचा घोट घ्यायला थांबल्या.

काकांनी "क्या बात है!" म्हटलं आणि एक्केचाळीस माणसांनी टाळ्या वाजवल्या.

टाळी ही गोष्ट सभागृहात निरुपद्रवी असते. लग्नाच्या मांडवात ती तशी नाही. मांडवाच्या कापडापलीकडे बँडमास्तर धर्मराज आपली माणसं घेऊन उभा होता. त्याला आतलं काही दिसत नसे. गेली वीस वर्षं त्याचा हिशेब साधा: आत टाळ्या वाजल्या की लग्न लागलं, वाजवायला घ्यायचं. त्याने घेतलं. बँड ऐकून फटाकेवाल्याने माळ पेटवली. फटाके ऐकून आठशे माणसांनी हातातल्या अक्षता टाकल्या. सगळ्या रिकाम्या बोहल्यावर पडल्या, कारण नवरी अजून डोळ्यांत काजळ घालत होती आणि नवरा वरच्या खोलीत फेटा बांधून घेत होता. खालचा गजर ऐकून त्याने फेटेवाल्याला विचारलं म्हणे, "कोणाचं लागलं?" मुहूर्ताला अठरा मिनिटं होती.

हौसाबाई उभ्या राहिल्या. हातातला तांब्या खाली ठेवला.

"देव अर्ध्या वाटंत हायेत! टाली कोनी वाजवली?"

एक्केचाळीस माणसांनी, पनवेलच्या सुसंस्कृतपणाला शोभेल अशा एकमताने, वसुंधराबाईंकडे पाहिलं.

त्या क्षणी बाईंना शनिवारचा तिसरा तास हातातून जाताना दिसला. दारात गणिताचे सर दिसले, खडू दिसला. पुढे काय केलं ते त्यांना नंतरही नीट सांगता आलं नाही. बोहल्याजवळ माइक होता. अठ्ठावीस वर्षांची सवय. माइक दिसला आणि हात गेला.

"लक्ष द्या. कृपया लक्ष द्या," बाई म्हणाल्या. "वऱ्हाडी मंडळींना कळवण्यात येते की, लग्न अद्याप लागलेले नाही. बँडपथकाने वाजवू नये. लग्न आपल्या नियोजित वेळेवर, सहा वाजून अडतीस मिनिटांनी, याच बोहल्यावर लागेल. अक्षता संपलेल्या प्रवाशांनी उजव्या बाजूच्या खांबापाशी नव्याने घ्याव्यात. धन्यवाद."

बँड थांबला. आठशे माणसांच्या कानांनी तो आवाज ओळखला आणि शरीरांनी आज्ञा पाळली. बऱ्याच जणांनी नकळत आपली पिशवी जवळ ओढून घेतली. मग मागून एक म्हातारी ओरडली, "आगो! ही तं यष्टीवाली बाय!" आणि हशा उसळला. काशीराम हसता हसता खुर्चीत बसला. काय घडलं ते त्याला समजावून सांगण्यात आलं, तेव्हा त्याने एवढंच विचारलं, "म्हंजे तुमी कोनाकडचेच नाय? बरा. जेवल्याबिगर कोन जाव नका. हजार पानां हायेत."

हौसाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या परत बसल्या, अर्ध्या वाटेतल्या देवांना पुन्हा पहिल्यापासून हाका मारल्या, लग्न बरोबर सहा अडतीसला लावलं. जाताना वसुंधराबाई नमस्काराला वाकल्या तेव्हा त्यांनी दुसरीकडे बघत पान तोंडात घातलं.

शुक्रवारी सकाळी बाई पेढे घेऊन हौसाबाईंच्या घरी गेल्या. तीन मजली घर, पुढे दोन गाड्या, आणि हौसाबाई गच्चीवर जवळ्याची बारीक मासळी वाळत घालत बसलेल्या. पेढ्यांच्या पुड्याकडे त्यांनी पाहिलंही नाही.

"ही टाली कशापायी?" त्यांनी विचारलं. "आमी हाकलायला टाली वाजवतो. कावल्याला."

"आवडलं म्हणून वाजवली हो. आमच्याकडे तशी पद्धत आहे."

"आवडला तं गप बसायचा."

"चुकलं," बाई म्हणाल्या.

हौसाबाईंनी जवळ्याची आणखी एक मूठ पसरली आणि म्हणाल्या, "पर गप बसले व्हते. टाली वाजवायच्या आदी. चालीस वर्सां मी धवले बोलतंय, माज्या नवऱ्यानं पन कदी असा गप बसून आयकला नाय." बोलताना त्या रागावलेल्याच दिसत होत्या, त्यामुळे हे कौतुक आहे हे बाईंच्या ध्यानात यायला वेळ लागला. "तो वहीवाला बावा मना इचारतो, राग कोनता. मी बोलली, राग तं आता तुजा येतंय."

बाई हसल्या. हसण्याच्या भरात शनिवारचं बोलून टाकलं. तास, गणिताचे सर, किशोरी मॅडम, सगळं.

"तू गातंस का?" हौसाबाईंनी मधेच विचारलं.

"मी? मी नाही गात."

"मंग साळंत गाना पायजे, गाना पायजे, कशाला बोंबलतंस?"

हा प्रश्न शिक्षणाधिकाऱ्यांनी सेहेचाळीस पत्रांत एकदाही विचारला नव्हता. बाई गच्चीच्या कठड्याला टेकल्या आणि सांगू लागल्या. त्या चौथीत असताना शाळेच्या गॅदरिंगला समूहगीत होतं. गाणं बसवणाऱ्या गुरुजींनी रांगेतून फिरत प्रत्येकीच्या तोंडाजवळ कान नेला, आणि हिच्यापाशी थांबून म्हणाले, तू नुसते ओठ हलव. हिने हलवले. टाळ्या पडल्या. तेव्हापासून आरतीला, वाढदिवसाला, झेंडावंदनाला, जिथे चार माणसं मिळून गातात तिथे बाई ओठ हलवतात. इतके सफाईने, की शेजारच्यालाही शंका येत नाही. स्टँडवरच्या माइकने त्यांना बोलायला आवाज दिला, पण गायचा तो चौथीतच राहिला.

"दर आठवड्याला तास असता, तर त्या गुरुजींना घाई नसती," बाई म्हणाल्या. "एका गॅदरिंगसाठी दोन दिवसांत बसवायचं म्हटल्यावर ते तरी काय करणार?"

हौसाबाईंनी हात झटकले. जवळ्याचा वास सगळ्या गच्चीत होता.

"मी येतंय साळंत. पर लग्नाबिगर धवला नाय. बाहुलीचा का व्हयना, लगीन पायजे. आनि माज्या पाठी येक कडवा तू बोलायचा. मोठ्यानं. पोरांसमोर."

"बोलेन," बाई म्हणाल्या. तास वाचत होता. त्या घडीला त्यांनी गव्हाण ते मोरा बंदर पोहत जायचंही कबूल केलं असतं.

शनिवारी तिसऱ्या तासाला वर्गाचं लग्नघर झालं. मुलांना बाहुल्या आणायला सांगितलं होतं. नऊ नवऱ्या आल्या आणि नवरा एकही नाही. शेवटी समीक्षा नावाच्या मुलीने धाकट्या भावाचं एका डोळ्याचं अस्वल दप्तरातून काढलं आणि त्याला वर्गाच्या फडक्याचा फेटा बांधण्यात आला. नवरीचं ठरवताना मारामारी व्हायची वेळ आली. हौसाबाईंनी नऊही नवऱ्यांना एका रांगेत बसवलं. "येकाच मांडवात उरकू," त्या म्हणाल्या. दारात किशोरी मॅडम उभ्या होत्या, त्यांच्या मागे गणिताचे सर. नऊ भागिले एक, असं काहीतरी ते पुटपुटले.

हौसाबाई एक ओळ म्हणत, मुलं ती झेलत. पहिल्या दोन ओळी मुलं लाजली. तिसऱ्या ओळीला त्यांना कळलं की इथे ओरडलेलं चालतं, आणि मग वर्गाच्या खिडक्या थरथरल्या. कुणाच्या तोंडाजवळ कान न्यायची हौसाबाईंना गरजच नव्हती. जे मूल जसं म्हणेल तसं सामावून जात होतं. एका मुलाचा सूर भलत्याच फलाटावर लागला होता. हौसाबाईंनी त्याला उठवलं नाही, शेजारी बसवलं आणि त्याच्या पाठीवर ठेका धरला. पाचव्या ओळीपर्यंत तो बराच जवळ आला.

मग त्यांनी वसुंधराबाईंकडे बोट केलं. "आता ही बाय."

ओळ सोपी होती. मुलांनी चारदा म्हटलेली. बाई उभ्या राहिल्या, पदर सारखा केला, हौसाबाईंच्या मागून ओळ उचलली, आणि वर्गाला ती ऐकू आली नाही. ओठ अगदी बरोबर हलले. एकही अक्षर चुकलं नाही.

मुलं वाट बघत राहिली. "बाई, परत म्हणा ना," कुणीतरी म्हणालं. किशोरी मॅडमना वाटलं, माइक नाही म्हणून असेल.

बाईंनी घसा साफ केला, तोंड उघडलं, आणि त्यातून जे ऐकू आलं ते असं होतं: "लक्ष द्या. आपट्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर लागलेली आहे."

वर्ग हसून हसून आडवा झाला. गणिताचे सरसुद्धा. बाई स्वतःही हसत होत्या, पण त्यांचे कान लाल झाले होते. हौसाबाईंनी हात वर केला तशी मुलं गप्प झाली.

"बाय, ही गाडी लागली. कडवा नाय."

तेवढ्यात घंटा झाली.

किशोरी मॅडमनी बाईंना बाजूला घेतलं. म्हणाल्या, तास राहू दे, पण दर शनिवारी ह्या येणार असल्या तरच. एकदा येऊन गेल्या आणि पुढे लग्नाचे दिवस आले म्हणून गायब झाल्या, तर मी गणिताला देणार. बाईंनी हौसाबाईंकडे पाहिलं. तुळशीची लग्नं उरकून आठवडाच झाला होता. वैशाखापर्यंत हौसाबाईंच्या डायरीत एक दिवस मोकळा नव्हता.

हौसाबाई नऊ नवऱ्या आणि एक अस्वल ज्याचं त्याला परत देत होत्या. त्यांनी मान वर केली.

"मांडव काय, सांजचे असतान. सकालची येतंय," त्या म्हणाल्या. "यावाच लागल. हिचा कडवा बाकी हाय."

मग समीक्षाला बोलावून त्यांनी फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात लिहायला लावलं: बायचा कडवा १. त्याभोवती चौकोन काढून घेतला आणि सांगितलं, फेडल्याबिगर पुसायचा नाय.

रविवारी दुपारी वसुंधराबाई नेहमीप्रमाणे आल्या, खुर्चीच्या कडेवर बसल्या आणि बातमी सांगितली. खालच्या ओळी मी या वेळी विचारून टाकल्या. "प्रवेश?" म्हटलं. "फक्त मुलांना," त्या म्हणाल्या. "आणि टाळ्या वाजवू नयेत, हे ठळक कर." कडव्याचं लिहायचं का, असं विचारलं, तर त्यांना एकदम गॅसवर दूध ठेवल्याचं आठवलं.

त्यानंतर तीन शनिवार गेले आहेत. हौसाबाई एकही चुकल्या नाहीत. दर वेळी तास संपता संपता त्या बाईंकडे बघतात, बाई घड्याळाकडे बघतात, आणि घंटा होते. गणिताचे सर मधल्या पाच दिवसांत त्याच फळ्यावर अपूर्णांक शिकवतात. उजव्या कोपऱ्यापाशी आले की त्यांचा खडू थांबतो, चौकोनाला वळसा घालतो आणि खालच्या ओळीवर उतरतो.